पानफुटी : कमी पाण्यातले बहुवर्षायू फूलझाड आणि त्याच्या पानांची हिवाळी लाली

बागकामाच्या परदेशी पुस्तकांत एक वर्णन वारंवार येते : पाणी कमी लागणारे, वर्षानुवर्षे टिकणारे, फुलणारे आणि ‘फॉल’मध्ये पानांचा रंग पालटणारे झाड. ही यादी हातात घेऊन म्हैसूरच्या रोपवाटिकेत गेलात, तर त्यांतली बहुतेक झाडे तिथे मिळणार नाहीत, आणि मिळाली तरी तशी रंगणार नाहीत. या पाठात आपण त्याचे कारण पाहू. मग त्या वर्णनाच्या सर्वांत जवळ जाणारे एक झाड, आपल्या परिचयाची पानफुटी, कसे वाढवायचे ते पाहू. तिच्या पाणी वाचवण्याच्या रीतीची पहिली छापील नोंद अशा एका माणसाने केली, ज्याचा म्हैसूर राज्याशी थेट संबंध होता. त्यामुळे हे उदाहरण म्हैसूरमधून सांगणे सोयीचे आहे.

‘फॉल’ म्हणजे शरद नव्हे

भाषांतर करताना आपण ‘फॉल’साठी सहज ‘शरद’ लिहितो आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. पाऊस नुकताच संपलेला, जमीन ओली, रान हिरवेगार. म्हैसूरला तर ऑक्टोबर हा वर्षातल्या सर्वाधिक पावसाच्या महिन्यांपैकी एक असतो. आपल्याकडे पानगळ येते शिशिरात, माघ-फाल्गुनात.

हा फरक फक्त नावाचा नाही, कारणाचाही आहे. समशीतोष्ण प्रदेशातले मॅपल पाने गाळते ते मुख्यतः दिवस लहान होतात आणि थंडी वाढते म्हणून. गोठलेल्या जमिनीतून पाणी मिळणार नसते, म्हणून झाड आधीच आवराआवर करते. पानातले हरितद्रव्य मोडले जाते आणि नायट्रोजनचा मोठा भाग खोडाकडे परत जातो. हरितद्रव्याखाली झाकलेली पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्ये दिसू लागतात. लाल रंग मात्र असा झाकलेला नसतो. तो देणारे अँथोसायनिन त्या काळात नव्याने तयार होते. पिवळा उघडा पडतो आणि लाल घडवला जातो, हा फरक परीक्षेतही विचारला जातो आणि पुढे या पाठातही लागेल.

म्हैसूर सुमारे 12.3 अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साधारण 770 मीटर उंचीवर आहे. तिथला सर्वांत लहान दिवस जवळपास साडेअकरा तासांचा आणि सर्वांत मोठा पावणेतेरा तासांहून थोडा अधिक. वर्षभरातला फरक दीड तासाच्या आत राहतो. हिवाळ्यात रात्रीचे तापमान 16 अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते, गोठणबिंदूजवळ कधीच जात नाही. म्हणून इथली पानझडी झाडे मुख्यतः कोरडेपणाला उत्तर देतात. देशी बदामाची पाने हिवाळ्यात लालभडक होऊन गळतात आणि ताम्हणाची तांबूस होतात, पण हे दोन्ही मोठे वृक्ष आहेत. कुसुंबाचा आणि पिंपळाचा तांबडा रंग तर पानगळीचा नसून कोवळ्या पालवीचा आहे. आपल्याकडे रानाची खरी लाली जाणाऱ्या पानांत कमी आणि येणाऱ्या पानांत जास्त दिसते.

मग कुंडीत किंवा अंगणातल्या वाफ्यात मावणारे, फुलणारे, पाणी कमी मागणारे आणि थंडीत पाने रंगवणारे झाड कोणते? माझे उत्तर पानफुटी हे आहे. ती पाने गाळत नाही, पण रंगवते.

ओळख

मराठीत पानफुटी किंवा पर्णबीज, हिंदीत पत्थरचट्टा, कन्नडमध्ये काडुबसळे. शास्त्रीय नाव कलांचो पिन्नाटा, कुल क्रॅसुलेसी. जुन्या पुस्तकांत तुम्हाला ब्रायोफायलम कॅलिसिनम हे नाव भेटेल. ब्रायोफायलम या ग्रीक शब्दाचा अर्थही ‘फुटणारे पान’ असाच होतो. मराठी बोलणाऱ्यांनी आणि शास्त्रज्ञांनी एकच गोष्ट पाहून एकच नाव ठेवले, असे क्वचित घडते.

झाड मूळचे मादागास्करचे. खोड मांसल, उंची सुमारे एक मीटर, फुलोऱ्यासह कधी त्याहून जास्त. पाने जाड, रसाळ, कडेला बोथट दाते. हिवाळ्यात शेंड्याला मोठा फुलोरा येतो. फुगलेल्या, कागदी, हिरवट-गुलाबी निदलपुंजाचे खाली लोंबणारे आकाशकंदील आणि त्यांच्या तोंडातून डोकावणाऱ्या तांबड्या पाकळ्या. या नळीसारख्या फुलांवर शिंजीर पक्षी हमखास येतात.

पानाच्या कडेच्या खाचांत सुप्त अवस्थेतल्या पेशींचे पुंज असतात. पान झाडाला चिकटलेले असेपर्यंत ते सहसा दबून राहतात, आणि पान तुटले की त्यातूनच मुळे नि कोंब फुटतात. शाकीय प्रजननाचे हे उदाहरण तुम्ही शाळेत पाठ केले असेल. जर्मन कवी ग्योथे या प्रकाराने इतका भारावला होता, की तो ही रोपे वाढवून मित्रमंडळींना पाठवत असे.

सकाळी आंबट, दुपारी बेचव

आता पाण्याचा मुद्दा. 1799 मध्ये टिपू सुलतान पडला आणि म्हैसूर राज्याची घडी इंग्रजांनी नव्याने बसवली. त्यानंतर कॉलिन मॅकेन्झीच्या नेतृत्वाखाली राज्याची मोजणी सुरू झाली. या मोजणीत वनस्पतींचे काम बेंजामिन हाइन या जर्मन वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञाकडे होते. हैदर अलीने 1760 मध्ये सुरू केलेली बंगळूरची लालबागही काही काळ त्याच्या देखरेखीखाली होती.

याच हाइनचे एक छोटे पत्र 1815 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. विषय होता पानफुटीच्या पानांची चव. सकाळी ही पाने चुक्याइतकी आंबट लागतात, दिवस वर चढेल तशी आंबटपणा गमावतात, दुपारी बेचव होतात आणि संध्याकाळकडे किंचित कडवट, असे त्याने नोंदवले. ना उपकरण, ना प्रयोगशाळा. एकच पान दिवसातून अनेकदा चाखण्याची चिकाटी तेवढी होती. तुम्ही मात्र चाखू नका, कारण पुढे येईल.

त्या आंबटपणाचा उलगडा व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. नेहमीची झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडतात. कार्बन डायऑक्साइड आत येतो, पण त्याच दारातून पाण्याची वाफ बाहेर पडते, आणि तीही उन्हाच्या वेळी. पानफुटी हा व्यवहार रात्री करते. गार, दमट रात्री रंध्रे उघडतात. आत आलेला कार्बन डायऑक्साइड पेप कार्बोक्सिलेज या विकराच्या मदतीने पकडला जातो, त्याचे मॅलिक आम्ल होते आणि ते पेशीतल्या मोठ्या रिक्तिकेत साठते. पहाटे साठा सर्वांत जास्त असतो, म्हणून पान आंबट. दिवस उजाडला की रंध्रे मिटतात. आम्ल मोडून आतल्या आत कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो आणि सूर्यप्रकाशात त्याची साखर बनते. दुपारपर्यंत आम्ल संपते. या पद्धतीला क्रॅसुलेसी कुलावरूनच क्रॅसुलेशियन अ‍ॅसिड मेटाबॉलिझम, थोडक्यात कॅम, असे नाव मिळाले.

बचत किती होते? एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना सामान्य सी-3 वनस्पती साधारण 400 ते 500 ग्रॅम पाणी गमावते, तर कॅम वनस्पती 50 ते 100 ग्रॅम. किंमत अर्थातच मोजावी लागते. रिक्तिकेत मावेल तेवढेच आम्ल साठते, म्हणून अशी झाडे एकूण सावकाश वाढतात. रात्र जितकी गार, तितका हा साठा चांगला जमतो. म्हैसूरच्या 16 ते 20 अंशांच्या रात्री पानफुटीला त्यामुळेच मानवतात.

पाण्याचा हिशेब

तुम्ही म्हणाल, दोन-चार कुंड्यांनी काय फरक पडणार? 2023 मध्ये पाऊस हुकल्यावर कर्नाटकातल्या 236 तालुक्यांपैकी 223 दुष्काळग्रस्त जाहीर झाले. मार्च 2024 मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी बागेला घालण्यावर बंदी आणली, दंड 5000 रुपये. म्हैसूर आणि बंगळूर दोन्ही शहरे मुख्यतः कावेरीवर अवलंबून आहेत. अशा वर्षी बागेतले काय जगवायचे आणि काय सोडून द्यायचे, हा प्रश्न दारात येऊन उभा राहतो.

एक साधे गणित करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कोरड्या दिवसांत बाष्पीभवनाची मागणी दिवसाला 5 मिलिमीटर धरली आणि हिरवळीला तिच्या 0.6 पट पाणी लागते असे मानले, तर 20 चौरस मीटर हिरवळ दिवसाला 60 लिटर पिते. रसाळ झाडांच्या वाफ्यासाठी 0.2 हा गुणक धरला, तर 20 लिटर. फरक रोजचा 40 लिटर, जानेवारी ते मार्च या 90 दिवसांत 3600 लिटर. आपल्या शहरी पाणीपुरवठ्याचा माणशी मापदंड दिवसाला 135 लिटर आहे. म्हणजे एका लहान हिरवळीऐवजी पानफुटीचा वाफा केला, तर एका माणसाचे जवळपास 27 दिवसांचे पाणी वाचते. हे गुणक अंदाजाचे आहेत. तुमच्या गावचे आकडे घालून गणित पुन्हा करा.

लागवड

पावसाळ्याच्या सुरुवातीचा काळ सर्वांत चांगला. निरोगी, पूर्ण वाढलेले पान देठासह तोडा, एक दिवस सावलीत ठेवा आणि ओलसर मातीवर आडवे टाका. पुरू नका, कडा मातीला टेकलेल्या असल्या की पुरे. एक-दोन आठवड्यांत खाचांतून मुळे नि कोंब दिसतील. रोपाला दोन-तीन पानांच्या जोड्या आल्या की ते वेगळे करून लावा. एका पानातून अनेक रोपे येतात, आणि ती सगळी लावण्याचा मोह आवरावा लागतो.

म्हैसूरची तांबडी, वाळूमिश्रित माती तिला आवडते. कुंडीसाठी दोन भाग तांबडी माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक खडी आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत पुरेसे आहे. महाराष्ट्रात काळ्या मातीच्या पट्ट्यात असाल, तर खडीचे प्रमाण वाढवा किंवा वाफा जमिनीपासून वीतभर उंच करा. मातीची, तळाला भोक असलेली कुंडी प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा चांगली.

पहिला महिना आठवड्यातून दोनदा पाणी द्या. पुढे बोट मातीत खुपसून पाहा आणि वरचा पाच सेंटिमीटरचा थर कोरडा लागला तरच घाला. पावसाळ्यात बहुधा काहीच लागत नाही, हिवाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी एकदा, एप्रिलमध्ये आठवड्याने. पानफुटी तहानेने क्वचित मरते. तिला मारतो तो रोज सकाळी तांब्या घेऊन येणारा प्रेमळ माणूस. खोडाचा तळ मऊ, काळपट झाला की मूळ कुजले असे समजा. तिला वाचवण्याची धडपड करू नका. वरचे एक चांगले पान तोडून नव्याने सुरुवात करा, ही सोय बहुतेक झाडांत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये शेंडा खुडला की फांद्या फुटतात आणि फुलोरे वाढतात. ऑगस्टनंतर खुडणे थांबवा. दिवस लहान होऊ लागले की झाड फुलाच्या तयारीला लागते आणि त्याला अखंड काळोखी रात्र हवी असते. तिचीच चुलत बहीण कलांचो ब्लॉसफेल्डियाना, जी बाजारात नुसत्या ‘कलांचो’ नावाने मिळते, ती तर या बाबतीत अभ्यासाचे प्रसिद्ध उदाहरण आहे. मध्यरात्री थोडा वेळ प्रकाश पाडला तरी तिचा बहर लांबतो. म्हणून रस्त्यावरच्या दिव्याखालची किंवा रात्रभर उजळलेल्या गॅलरीतली कुंडी फुलली नाही, तर खताला दोष देऊ नका.

मार्चमध्ये फुले सुकल्यावर झाड जमिनीपासून वीतभरावर छाटा.

पानांची लाली

नोव्हेंबरपासून पाणी तोडत न्या आणि कुंडी सकाळच्या चार-पाच तासांच्या उन्हात ठेवा. पानांच्या कडा, देठ आणि काही वेळा पूर्ण पान तांबूस होते. इथेही लाल रंग अँथोसायनिनचाच, म्हणजे नव्याने घडवलेला. पण मॅपलमध्ये पान मरणाच्या वाटेवर असते, इथे ते जिवंत आणि कामावर असते. गार हवेत, पाणी कमी असताना पानाला मिळणारा सगळा प्रकाश वापरता येत नाही. जादा प्रकाशामुळे हरितकणूंना इजा होण्याची भीती असते, आणि अँथोसायनिन त्यातला काही प्रकाश अडवते. म्हणून कुंडी सावलीत हलवून पाणी दिले, की नवी पाने हिरवी येतात आणि जुन्यांची लालीही ओसरू लागते. मॅपलचे लाल पान पुन्हा हिरवे होत नाही.

लालीची मात्रा किती असावी? कडा रंगल्या आणि पान टणक असेल, तर छान. पान पातळ होऊन सुरकुतले, तर पाणी द्या. तपकिरी, कोरडे चट्टे उठले, तर ते उन्हाने भाजणे आहे, त्याला शोभा म्हणू नका. आणि नायट्रोजनयुक्त खत भरपूर घातलेत, तर झाड मऊ, हिरवेगार होईल आणि रंग विसरा.

पानावर पांढुरके, आतून पोकळ चट्टे दिसले तर घाईने औषध फवारू नका. पान प्रकाशासमोर धरा. आत अळी दिसली, तर ती बहुधा रेड पिएरो या फुलपाखराची असते. काळा-पांढरा नि नारिंगी रंगाचे हे लहान फुलपाखरू याच गटातल्या झाडांवर अंडी घालते आणि त्याची अळी पान आतून पोखरत जाते. मी अशी कुंडी मुद्दाम एका बाजूला त्याच्यासाठी सोडतो. चार पाने गेली तरी झाडाला काही होत नाही. पिठ्या ढेकणाला मात्र दया दाखवू नका, तो साबणाच्या पाण्याने पुसून काढा.

दोन इशारे

पहिला इशारा खाण्याबद्दल. मुतखड्यासाठी पत्थरचट्ट्याचे पान रोज चावून खा, असा सल्ला सर्रास दिला जातो. या झाडात बुफाडायनोलाइड गटाची द्रव्ये असतात. ती हृदयाच्या स्नायूवर परिणाम करतात, आणि कलांचोच्या जाती खाऊन गुरे दगावल्याच्या नोंदी आहेत. परंपरेत औषधी उपयोग आहे, तो जाणकार वैद्याच्या देखरेखीतला. कुंडीतले पान तोडून स्वतःवर प्रयोग करू नका, आणि छाटणी गुरांपुढे टाकू नका.

दुसरा इशारा छाटणीच्याच विल्हेवाटीचा. जे झाड पडलेल्या पानातून उगवते, ते कुंपणाबाहेरही उगवते. हवाई आणि गालापागोस बेटांवर आणि ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत पानफुटी ही उपद्रवी परकी वनस्पती ठरली आहे. चामुंडी टेकडीसारख्या झुडपी रानांत आधीच घाणेरी माजलेली आहे, तिथे बागेतला कचरा फेकणे म्हणजे आणखी एक पाहुणी सोडणे. कापलेली पाने पिशवीत बांधून कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच कंपोस्टात टाका. ओली टाकलीत, तर कंपोस्टच पानफुटीचा वाफा होईल.

करून पाहा

हाइनने जिभेने जे केले ते तुम्ही अनुमापनाने करा. एकाच झाडाची, सारख्या वयाची हिरवी पाने पहाटे 6 वाजता आणि संध्याकाळी 5 वाजता तोडा. प्रत्येक वेळी 5 ग्रॅम पान 50 मिलिलिटर उकळत्या ऊर्ध्वपातित पाण्यात वाटून गाळून घ्या. अर्क थंड झाल्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब घाला आणि 0.1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत अनुमापन करा. लागलेले मिलिलिटर म्हणजे व. मॅलिक आम्लाचा एक रेणू दोन प्रोटॉन देतो, म्हणून दर ग्रॅम पानातले आम्ल 10 गुणिले व इतके मायक्रोमोल येते. हे सगळे आम्ल मॅलिकच आहे असे आपण इथे धरतो. पहाटेच्या उत्तरातून संध्याकाळचे वजा केले, की त्या रात्रीची कमाई मिळते. लाल पाने घेतलीत, तर अँथोसायनिनचा रंग आम्लारीत बदलतो आणि अंतिम बिंदू ओळखणे अवघड जाते, म्हणून हिरवीच घ्या.

दुसरा प्रयोग वजनकाट्याचा. पानफुटीची आणि मोगऱ्याची, सारख्या आकाराची कुंडी घ्या. पाणी घालून मातीचा पृष्ठभाग नि कुंडी प्लास्टिकच्या पिशवीत खोडापाशी घट्ट बांधा, म्हणजे बाष्पीभवन फक्त पानांतून होईल. सकाळी 6 आणि संध्याकाळी 6 वाजता चार दिवस वजन घ्या. मोगऱ्याचे वजन मुख्यतः दिवसा घटेल. पानफुटीचे कधी घटते आणि दोन्हींच्या घटीत किती पट फरक पडतो, ते तक्त्यात मांडा. जुलैत एकदा आणि जानेवारीत एकदा करा, कारण दोन्ही वेळचे तक्ते सारखे येणार नाहीत.